उबाल्दिनाची बाग सुटली त्या दिवशी

उबाल्दिनाची बाग वाहून गेली तेव्हा बागेबरोबर तिचा नवराही गेला. पण आधी सगळं गाव बागेसाठी ओरडत काठावर धावलं, आणि कास्तुलो कुठे दिसत नाही हे बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी लक्षात आलं. त्यावरून तो मला अजून टोमणे मारतो. मारू दे.

आमचं गाव कान्यो प्रिएतो. इथे पाणी नवं नाही. आमच्या आज्यांच्या काळीही नदी दर वर्षी अंगणात येऊन जायची, पण ती सांगून यायची. जूनअखेरचा सान हुआनचा सण झाला की चढायची, नाताळच्या सुमाराला उतरायची, आणि उतरताना जो गाळ मागे ठेवायची त्यात भात टाका, मका टाका, टरबूज टाका, सगळं तरारून यायचं. घरं खांबांवर, होडी दाराला बांधलेली. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. आता नदीला काळवेळ राहिलेली नाही. टरबुजं फुलावर असताना, ऐन जानेवारीत पाणी घुसतं. ज्या महिन्यात होड्या चालायला हव्यात त्या महिन्यात तळं आटून मासे चिखलात तडफडतात. आणि वर काउका नदीचा बांध फुटल्यापासून तर एकदा आलेलं पाणी जायचं नावच घेत नाही. माझ्या अंगणातली लिंबाची झाडं उभ्या उभ्या कुजली. युकाचे कंद जमिनीतच सडले. मासे होते, भात कुठून तरी मिळायचा, पण हिरवं पान म्हणून दिसेना. भाजी यायची ती गावाबाहेरून मोटरबोटीने, आणि आमच्यापर्यंत येईतो ती भाजी राहिलेली नसायची.

उबाल्दिना माझी शेजारीण. तिच्या धाकटीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. आडव्या बांध्याची बाई, आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात. पाणी घरात शिरलं की आम्ही बायका रडायचो. ती चिडायची. नदीवर चिडायची, ढगांवर चिडायची, नवऱ्यावर तर रोजच. गोड्या मिरचीशिवाय केलेला माशाचा रस्सा तिच्या घशाखाली उतरत नसे. ताट पुढे ओढायची, एक घास घ्यायची आणि ताट बाजूला सारायची. "हे जेवण नाही, औषध आहे," म्हणायची.

एकदा आम्ही दोघी जाळी काढायला गेलो होतो. जलपर्णीचं एक मोठं बेट वाऱ्याबरोबर हळूहळू सरकत होतं. त्यावर लाल भोपळ्याचा वेल पसरलेला, आणि वेलाला मुलाच्या डोक्याएवढा भोपळा.

"कोमाद्रे, होडी लाव तिथे," ती म्हणाली.

"अगं, कोणाचा तरी असेल तो."

"मला भोपळा नकोय. त्याच्या मुळाशी काय आहे ते बघायचंय."

तिने खांद्यापर्यंत हात आत खुपसला आणि मूठभर काळं काहीतरी बाहेर काढलं. खालची जलपर्णी कुजून त्याची भुसभुशीत माती झाली होती. तिने ती हुंगली, माझ्या नाकाशी धरली. मग परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि उबाल्दिना गप्प बसली की मला धडकी भरते.

दुसऱ्या दिवसापासून तिने तराफा बांधायला घेतला. पहिला तराफा लाकडी ओंडक्यांचा होता. त्यावर तिने माती घातली, आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या आत तो मातीसकट तळाला गेला. कास्तुलो हसून हसून पायरीवर बसला. हा माणूस मासेमारीत पटाईत आणि जिभेने त्याहून. दुकानात बसून तो सगळ्यांना सांगू लागला, "माझी बायको पाण्यावर वांगी लावतेय. जमलं तर पुढच्या वर्षी ढगावर केळी." दुसरा तराफा तरंगला, पण रोपांची मुळं पाण्यात बुडून पिवळी पडली. तेव्हा गावात शेतकरी संघाकडून एक बाई यायची, तिने खताचे थर कसे रचायचे ते दाखवलं आणि पुरात तग धरणारं बियाणं आणून दिलं. तिसऱ्या वेळी आम्ही पाच-सहा बायकांनी मिळून निळी प्लॅस्टिकची पिंपं गोळा केली, त्यावर जाड बांबूंची चौकट बांधली, चौकटीवर जुनी जाळी ताणली आणि जाळीवर कुजवलेल्या जलपर्णीचे थर रचले. ट्रकच्या हौद्याएवढी लांब बाग झाली. एका टोकाला टोमॅटो, मध्ये वांगी आणि पातीचा कांदा, दुसऱ्या टोकाला गोडी मिरची. वर बांबूचा मांडव करून त्यावर लांब शेंगांचे वेल चढवले.

आणि ती तरारली. खरं सांगते, आम्ही रोज सकाळी उठून आधी ती बघायला जायचो. पाणी चढलं की बाग चढायची, उतरलं की उतरायची. खाली मासे मुळांना टोचा मारत फिरायचे. पहिलं वांगं धरलं तेव्हा उबाल्दिनाने ते तोडू दिलं नाही, सगळ्यांना होडीतून नेऊन दाखवलं. कास्तुलोची थट्टा चालूच होती, पण दुपारी घरात पत्र्याखाली उकडायचं, म्हणून त्याने आपला झुला गुपचूप शेंगांच्या मांडवाखाली बांधला होता. पहाटेची मासेमारी आटोपली की तो तिथे जाऊन पडायचा.

"बाग वाईट आहे, सावली चांगली आहे," असं म्हणायचा.

त्या आठवड्यात उबाल्दिना कामाने वेडी झाली होती. रविवारी आजूबाजूच्या सगळ्या गावांचे लोक बाग बघायला येणार होते. त्यांना पटलं तर संघाकडून सगळ्यांसाठी पिंपं आणि बियाणं मिळणार होतं. ती पानं पुसत होती म्हटलं तरी चालेल. आणि शुक्रवारी दुपारी वारा सुटला.

नुसता वारा असता तर काही झालं नसतं. पण वरून पाण्याचा नवा लोंढा आला आणि त्याबरोबर जलपर्णीचं एक बेट, चर्चच्या आवाराएवढं. ते सरकत सरकत आलं आणि बागेला टेकलं. मी माझ्या पायरीवर बसून मासे साफ करत होते. दोर ताणला गेला तो मला दिसला. मग तो खुंटा, जो आम्ही चौघींनी मिळून ठोकला होता, दात उपटावा तसा चिखलातून वर आला. बाग एकदा गर्रकन फिरली आणि बेटाला चिकटून चालू लागली.

मी जी किंचाळले ती सगळ्या गावाला ऐकू गेली. उबाल्दिना हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. लोक काठावर जमले, कोणी दोर फेकला, तो आखूड पडला. कोणी म्हणालं, जाऊ दे, दुसरी कर. त्या माणसाकडे उबाल्दिनाने असं बघितलं की तो पुढे आठवडाभर तिच्या घरावरून गेला नाही.

"कोमाद्रे, तुझं इंजिन चालू आहे का?"

"कालपर्यंत होतं."

"मग आजही असेल. चल."

आम्ही होडी सोडली तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "आणि कास्तुलो कुठाय?"

उबाल्दिनाने मागे वळून घराकडे बघितलं. मग पुढे, दूर जाणाऱ्या मांडवाकडे. मांडवाखाली झुला होता, आणि झुल्यात काहीतरी जड होतं.

"झोपलाय," ती म्हणाली. "देवा, हा माणूस झोपलाय."

माझं इंजिन छोटं, उकळत्या पातेल्याएवढा आवाज करणारं. मोकळ्या पाण्यात आम्ही बरंच अंतर कापलं. वारा पाठीवर होता, लाटा होडीत येत होत्या, उबाल्दिना डब्याने पाणी उपसत होती आणि मला वेगात चल, वेगात चल म्हणत होती. बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांमधून आम्ही वळणं घेत गेलो. बाग दिसायची, लपायची, परत दिसायची. मी घाबरले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला मजाही येत होती. इतक्या महिन्यांत पाण्याने आमचं काही नेलं की आम्ही नुसते बघत बसायचो. पहिल्यांदा आम्ही त्याच्या मागे लागलो होतो.

मग इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. पंख्यात जलपर्णी अडकली होती. मी सुरीने मुळं कापत बसले, तोवर उबाल्दिना काठी घेऊन उभी राहिली आणि होडी ढकलू लागली. तेवढ्यात बागेवरून आरोळी आली. कास्तुलो जागा झाला होता.

आधी तो उठून उभा राहिला. चारी बाजूंनी बघितलं. गाव नाही, घर नाही, बायको नाही. डोक्यावरची टोपी काढून त्याने परत घातली, जणू तिच्यामुळेच काही चुकीचं दिसतंय.

"कास्तुलो," उबाल्दिना ओरडली, आणि तिचा आवाज पाण्यावरून सरळ त्याच्यापर्यंत पोचला, "उडी मार आणि पोहत ये इकडे."

तो बागेच्या कडेशी आला. मग वाकून खाली बघू लागला. मग अचानक पोटावर आडवा झाला.

"काय करतोयस? उडी मार म्हणते ना."

"नाही मारत," तो ओरडला. "कोपऱ्यातलं पिंप सुटलंय. मी सोडलं तर हा कोपरा बुडेल."

"बुडू दे. तू ये."

"इथे टोमॅटो आहेत, बाई."

उबाल्दिना काठी हातात धरून थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. पिंप कवेत घेऊन तो तराफ्याच्या कडेवर पालथा पडला होता, अर्धा पाण्यात, अर्धा टोमॅटोच्या रोपांत, आणि मधूनमधून तोंडातलं पाणी थुंकत होता.

"बांबूला धर," ती ओरडली. आवाज आता वेगळा होता. "दोरीने बांध त्याला. झुल्याची दोरी काढ."

"हात मोकळा असता तर काढली नसती का?"

इंजिन पुन्हा सुरू झालं. पण आता आम्हाला दुसरंच दिसलं. बाग तळ्याच्या दक्षिणेला सरकत होती, जिथे लास गार्सास गावाजवळून एक ओढा मोठ्या नदीला मिळतो. ओढ्याच्या तोंडाशी पाणी जोरात ओढतं. एकदा का बाग आत गेली की नदी, आणि नदीत त्या बांबूंची काडी काडी झाली असती. कास्तुलोचं काय झालं असतं ते आम्हा दोघींपैकी कोणी बोललं नाही. उबाल्दिनाने पाणी उपसणं सोडलं आणि दोन्ही हातांनी वल्हं मारू लागली, इंजिन चालू असताना. मी तिला थांबवलं नाही.

आम्ही पोचणार नव्हतो. हे मला पाण्याच्या ओढीवरून कळलं होतं. जलपर्णीचं बेट तोंडाशी जाऊन फुटलं, त्याचे तुकडे आत खेचले गेले, आणि बाग त्यांच्या मागे वळली. कास्तुलो आता ओरडत नव्हता.

तेवढ्यात लास गार्सासच्या काठावरून होड्या निघाल्या. पाच, सहा, किती होत्या कोणास ठाऊक. पुराबरोबर वाहून येणारं लाकूड, पत्रे, कधी एखादं डुक्कर पकडायला ते लोक तिथे टपूनच असतात. पहिल्या होडीतल्या माणसाने गळ फेकला, तो मांडवात अडकला. दुसऱ्याने बांबूला दोर टाकला. सगळ्यांनी मिळून उलट वल्ही मारली. बाग थरथरली, एका अंगाला झुकली, मिरचीची रोपं भिजली, आणि ती ओढ्याच्या तोंडातून तसूतसूने मागे आली. त्यांनी ती एका बुडालेल्या सेइबाच्या झाडाला बांधली. मी इंजिन बंद केलं.

उबाल्दिना होडीतून सरळ बागेवर चढली. कास्तुलोला तिने दंडाला धरून उठवलं, नीट बघितलं, कुठे मोडलंय का म्हणून दाबून बघितलं, आणि मग पाठीत एक धपाटा घातला.

"मरायचं होतं का तुला?"

"पिंप बघ आधी," तो म्हणाला.

पिंप गेलं होतं. शेवटच्या हिसक्यात त्याच्या हातातून सुटून ओढ्यात गेलं. कोपरा पाण्याखाली होता, टोमॅटोची एक ओळ बुडाली होती. बाकी सगळं होतं.

आम्ही लास गार्सासच्या लोकांचे हात हातात घेऊन आभार मानले. मग उबाल्दिनाने दोर सोडायला हात घातला, आणि ज्याने गळ फेकला होता तो माणूस खाकरला. त्यांच्या गावाचा पुढारी होता तो, दोन एलिएसेर; 'दोन' हे आमच्याकडे मानाचं संबोधन, बाईला 'दोन्या'. उंच, हाडकुळा, बोलणं अगदी सावकाश.

"दोन्या, जरा थांबा. पुराने आणलेली वस्तू जो बांधतो त्याची. इकडची रीत तुम्हाला माहीत आहे."

"ही वस्तू नाही. ही माझी बाग आहे."

"आम्ही पकडली तेव्हा तिच्यावर नाव नव्हतं."

"तिच्यावर माझा नवरा होता."

"नवरा तुम्ही घेऊन जा," दोन एलिएसेर गंभीरपणे म्हणाला. "नवरा आम्हाला नको."

होड्यांमधले लोक हसले. कास्तुलोही हसला, मग उबाल्दिनाकडे बघून गप्प झाला. मला वाटलं, आता इथे वल्ह्यांनी मारामारी होणार. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. परवा लोक बघायला येणार होते, आणि ही माणसं रीत शिकवत होती.

एका होडीत एक म्हातारी बसली होती, दोन एलिएसेरची आई, दोन्या तार्सिला. भांडण चालू असताना ती कोणाला न विचारता बागेला टेकली होती आणि तिने एक गोडी मिरची तोडली होती. ती खात नव्हती. बोटांत चुरडून नाकाला लावून बसली होती. डोळे मिटलेले.

उबाल्दिनाने ते बघितलं. मग तिने मान वर करून गावाकडे बघितलं, तेव्हा मीही बघितलं. आमच्या गावाला निदान घराखाली खांब होते. इथे घरांच्या खिडक्यांपर्यंत पाणी होतं. लोक फळ्या टाकून छताखाली राहत होते. एका फळीवर कुंडीत कांद्याची एक पात लावलेली होती, एकच, आणि तिला कोंबडी खाऊ नये म्हणून टोपली झाकलेली.

"किती दिवसांत भाजी खाल्ली नाही तुम्ही?" उबाल्दिनाने म्हातारीला विचारलं.

"भाजी?" दोन्या तार्सिला म्हणाली. "मुली, मी तिचा वास विसरले होते."

उबाल्दिना बागेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. परतीच्या वाटेवर वारा तोंडावर असणार होता. माझ्या इंजिनाने ती अख्खी बाग ओढून नेणं शक्य नव्हतं, आणि एक कोपरा बुडालेला असताना तर ती वाटेत उलटली असती. हे ती जाणत होती, मीही जाणत होते. पण तिने जे केलं ते नुसतं त्यासाठी केलं नाही.

"करवत आहे का कोणाकडे?" तिने विचारलं.

"कशाला?" मी म्हणाले.

"कापायची. मधोमध."

सगळे एकदम बोलू लागले. दोन एलिएसेर म्हणाला, कापली तर दोन्ही बुडतील. कोणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलंय. सगळ्यात मोठ्याने कास्तुलो बोलला.

"मधोमध नाही चालणार. मधोमध बांबूचा जोड आहे, तिथे कापलंस तर दोन्हीकडची पकड जाईल. वांगी संपून कांदा सुरू होतो तिथे काप. आणि कापायच्या आधी दोन्ही कडांना आडवा बांबू बांध, नाहीतर खत सगळं पाण्यात जाईल."

"तुला रे काय माहीत?" ती म्हणाली.

"रोज दुपारी त्याच्याकडेच बघत पडतो ना मी."

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. सगळं गाव होड्या घेऊन आलं. कोणी बांबू आणले, कोणी सुतळी, कोणी आपल्या छपराच्या दोऱ्या सोडून आणल्या. कास्तुलो पाण्यात उतरून खालच्या गाठी तपासत होता आणि वर तोंड काढून हुकूम सोडत होता. उबाल्दिनाने कोयता घेऊन बागेची माती कापली, केक कापावा तशी, आणि मुळांनी ती इतकी घट्ट धरली होती की कडा ढासळली नाही. बायका आ वासून बघत होत्या. "ही माती कुठून आणली?" एकीने विचारलं. "तुझ्या दारातून," उबाल्दिना म्हणाली, आणि कोयत्याने चारी बाजूला पसरलेली जलपर्णी दाखवली. ती बाई त्या जलपर्णीला इतके महिने शिव्या देत होती, असं तिने नंतर मला सांगितलं.

बुडालेल्या कोपऱ्याला पिंप हवं होतं. गावात रिकामं पिंप नव्हतं. तेव्हा दोन्या तार्सिलाने आपलं पावसाचं पाणी साठवायचं पिंप आणायला लावलं. मुलगा म्हणाला, आई, मग पिशील काय. ती म्हणाली, पातेलं आहे. पिंपातलं पाणी घराघरांतून वाटून घेतलं आणि ते बागेखाली बांधलं. कोपरा हळूहळू वर आला, टोमॅटोची ओळ पाण्यातून निथळत बाहेर आली, आणि लोकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी फक्त फुटबॉलच्या मैदानात ऐकला आहे.

शेवटचा बांबू दोन एलिएसेरने स्वतः कापला. करवत आरपार गेली. दोन्ही भाग एकदम डगमगले. उबाल्दिना एकावर उभी होती, कास्तुलो दुसऱ्यावर, आणि मधली फट हातभर रुंद झाली, मग दोन हात. दोघंही हात पसरून तोल सांभाळत एकमेकांकडे बघत होती. काही बुडलं नाही. पाणी शांत झालं. कास्तुलो टाचांवर दोनदा उडी मारून बघू लागला आणि उबाल्दिनाने त्याला शिवी घातली.

मिरची आणि कांद्याचा भाग लास गार्सासला राहिला. गोडी मिरची. मला वाटलं ती तेवढी तरी स्वतःकडे ठेवेल. मी तिला हळूच विचारलं.

"बी माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "आणि त्या म्हातारीच्या हातातून मी काढून घेऊ का?"

दोन एलिएसेरला मात्र तिने फुकट सोडलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "रविवारी तुमचं गाव आमच्याकडे यायचं. बांबू तोडायला माणसं द्यायची. आणि तुमची बाग मोठी झाली की पुढच्या गावाला तुम्ही कापून द्यायची. मंजूर नसेल तर आत्ता सांगा, करवत इथेच आहे."

तो सावकाश म्हणाला, "दोन्या, तुम्ही आमच्या गावात जन्मल्या असता तर मी पुढारी झालो नसतो."

आम्हाला त्यांनी बोकाचिको मासा तळून वाढला, त्यावर बारीक चिरलेली पात घातलेली. मग त्यांची आणखी दोन इंजिनं जोडून आमची अर्धी बाग ओढत निघालो. ऊन उतरलं होतं, वारा पडला होता. कास्तुलो मांडवाखाली उभा राहून काठीने झाडांचे शेंडे चुकवत होता. गावाच्या वळणावर आलो तेव्हा काठावर सगळे उभे होते, आणि आम्हाला बघून कोणीतरी ढोल वाजवायला सुरुवात केली.

रविवारी लोक आले. अर्धीच बाग बघून संघाची बाई गोंधळली, मग लास गार्सासच्या सात होड्या एकामागून एक येऊन लागल्या आणि दोन एलिएसेरने उभं राहून सगळं सांगितलं. त्याच्या सावकाश बोलण्याने तो प्रसंग प्रत्यक्षापेक्षा लांब झाला, पण कोणी हललं नाही. शेवटी प्रश्न सुरू झाले तेव्हा उत्तरं कास्तुलोने दिली. उबाल्दिना हाताची घडी घालून ऐकत होती. एकदाच मध्ये बोलली, "पिंपाची गाठ त्याने सांगितली तशी बांधू नका, मी दाखवते."

आता आमच्या गावात बहुतेक घरांसमोर बाग तरंगते. माझीही आहे. माझ्या शेंगा नीट येत नाहीत, वांगी येतात. पाणी गेल्या वर्षी एकदम ओसरलं तेव्हा तराफे चिखलावर बसले, आणि आम्ही घाबरलो की संपलं सगळं. पण त्या थरांत इतकी ओल होती की कोरड्या महिन्यातही मिरची फुलावर राहिली. आता काही जण भाताची रोपंही तराफ्यावर वाढवतात, म्हणजे पाणी कधीही उतरो, रोपं हाताशी तयार. कास्तुलो निम्मा वेळ गावात नसतो. लोक त्याला चौकटी बांधायला बोलावतात. परत आला की नवीन गावांच्या गोष्टी सांगतो, त्यातल्या निम्म्या खोट्या.

आज सकाळपासून पाणी पुन्हा चढतंय, या महिन्यात चढायचं काही कारण नसताना. उबाल्दिना खाली उभी राहून मला हाका मारतेय, दुहेरी दोर बांधायचा की तिहेरी यावर तिचं आणि कास्तुलोचं भांडण जुंपलंय आणि तिला साक्षीदार हवाय. मी निघते.